गुन्हा कृत्याचा असतो

(अकलूज येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फौजदारी कायद्याशी आपली ओळख बहुधा आकड्यांतून होते. तीनशे दोन म्हटले की खून, चारशे वीस म्हटले की फसवणूक, हे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून हे आकडे बदलले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले आणि फसवणूक ३१८ वर गेली. वकिलांनी नवी पुस्तके घेतली, पोलीस ठाण्यांत नवे तक्ते लागले. पण या खांदेपालटात फौजदारी कायद्याचा पाया हलला नाही, आणि आज मला बोलायचे आहे ते त्या पायाबद्दल. माझे म्हणणे थोडक्यात असे : फौजदारी कायदा आरोपीला पहिला प्रश्न विचारतो तो ‘तू काय केलेस?’ हा. ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न त्याच्या जागी येऊन बसला की कायद्याचे पुस्तक तेच राहते, न्यायालयाची इमारत तीच राहते, पण आत न्याय उरत नाही. हे विधान पटवण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेची उदाहरणे शोधायची गरज नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याने ते भोगलेले आहे.

आधी पाया समजून घेऊ. गुन्हा घडायला साधारणपणे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : एक कृत्य आणि त्या कृत्यामागची दोषी मनःस्थिती. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर दिसणारेच उदाहरण घ्या. रात्रीची वेळ आहे, उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी आहे, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि एक मोटारसायकलस्वार येऊन तिच्यावर आदळून मरतो. ट्रॅक्टरवाल्याला कुणाला मारायचे नव्हते. पण साधी काळजी त्याने घेतली नाही, म्हणून तो निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हेगार ठरू शकतो. नव्या संहितेचे कलम १०६ ते हेच. आता दुसरे चित्र पाहा. फाट्यावरच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भाऊबंदांची जुंपते, एक जण रागाच्या भरात हातातली काठी मारतो, ती डोक्यात बसते आणि समोरचा दगावतो. येथे इजा करायची होती, जीव घ्यायचा होता की नाही हे तपासावे लागते. काठी किती जाड होती, घाव किती घातले, भांडण आधी ठरवून केले की जागेवर पेटले, हे सगळे न्यायालय पाहते, कारण सदोष मनुष्यवध आणि खून यांतले अंतर तेथे ठरते. तिसऱ्या चित्रात तोच माणूस आदल्या दिवशी कुऱ्हाडीला धार लावून बांधावर दबा धरून बसतो. तिन्ही ठिकाणी एक माणूस मेला आहे आणि तिन्ही घरांतला आक्रोश सारखाच आहे. तरी कायदा तिघांना एका मापाने मोजत नाही. पहिल्याला जास्तीत जास्त पाच वर्षे, तिसऱ्याला जन्मठेप किंवा फाशी. कारण कायदा केवळ परिणामाकडे पाहत नाही. तो परिणाम करणाऱ्याच्या मनातून कसा आला, हे तो पाहतो.

मन पाहतो याचा अर्थ कायदा नुसत्या मनाला शिक्षा करतो असा मात्र नाही. शेजाऱ्याचे वाटोळे व्हावे असे कुणी रोज सकाळी देवापुढे म्हणत असेल, तर ते पाप असेल, गुन्हा नाही. विचारापासून कृत्यापर्यंतच्या वाटेवर कायदा कुठेतरी रेघ ओढतो : तयारी सहसा रेघेच्या अलीकडे, प्रयत्न पलीकडे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलेच एक प्रकरण आले होते. वसईकडच्या खाडीच्या काठी रात्री वाहनांतून चांदीच्या लगडी उतरवल्या जात होत्या आणि तेवढ्यात अधिकाऱ्यांनी छापा घातला. चांदी अजून होडीत चढली नव्हती. मग हा तस्करीचा प्रयत्न की नुसती तयारी? न्यायालयाने तो प्रयत्न मानला. पण खरी लक्षात ठेवायची गोष्ट ही की निकालासाठी न्यायालयाला त्या रात्री त्या काठावर काय काय केले गेले, हे पावलापावलाने मोजावे लागले. आरोपी कोणत्या धंद्यातले आहेत एवढ्यावर भागले नाही. संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात याच विचाराची आणखी तीन कुंपणे आहेत. कृत्य करताना जो कायदा अस्तित्वात नव्हता त्याखाली शिक्षा नाही, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. पहिले कुंपण तर थेट कृत्याशी बांधलेले आहे. काय केल्यास शिक्षा होईल हे माणसाला आधी कळले पाहिजे. ‘कोण असल्यास शिक्षा होईल’ हे कळून त्याचा काही उपयोग नाही, कारण आपण कोण असावे हे कुणाच्या हातात नसते.

आता १८७१ सालाकडे वळू. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने गुन्हेगार जमातींचा कायदा संमत केला. एखादी टोळी, जमात किंवा माणसांचा वर्ग पद्धतशीरपणे बिनजामिनी गुन्हे करण्याच्या व्यसनात आहे, असे सरकारला वाटले की सरकार राजपत्रात तसे जाहीर करी. जाहीर झाले की त्या समाजातल्या माणसांची नोंदवही बने, पोलिसांपुढे हजेरी लागे, गाव सोडायचे तर दाखला घ्यावा लागे. आणि या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न करू नये, अशी तरतूद कायद्यातच होती. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासकट देशभर लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा आला. सुधारलेल्या कायद्यात वसाहतींत कोंडण्याचा अधिकार होता आणि मुलांना आईवडिलांपासून काढून वेगळ्या संस्थांत ठेवण्याचाही. येथे एक योगायोग नजरेआड करू नये. हा कायदा झाला तेव्हा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढच्या पाच महिन्यांत, मार्च १८७२ मध्ये, याच स्टीफन यांनी भारतीय पुरावा कायदा आणला. जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करावा, आणि आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, ही तत्त्वे त्या कायद्यात आहेत आणि आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती टिकून आहेत. म्हणजे एका माणसाच्या चारित्र्यावरून त्याला दोषी धरू नका असे सांगणारा कायदा आणि लाखो माणसांना जन्मावरून दोषी धरणारा कायदा एकाच टेबलावर, वर्षभराच्या आत तयार झाले. तत्त्व माहीत नव्हते म्हणून ते मोडले गेले असे येथे म्हणताच येत नाही. तत्त्व माहीत होते. ते काही माणसांना लागू नाही, असे ठरवले गेले.

सोलापुरात या कायद्याची वसाहत होती. आजही शहरात ‘सेटलमेंट’ म्हटले की रिक्षावाला पुढचे विचारत नाही, आणि सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव पत्त्यांवर लिहिले जाते. तारेच्या कुंपणाआड वेगवेगळ्या जमातींची कुटुंबे ठेवलेली, बाहेर जायचे तर परवानगी, ठरल्या वेळी हजेरी, आणि कामाला शहरातल्या कापडगिरण्या. कैद्याला निदान आपली शिक्षा किती वर्षांची ते ठाऊक असते. येथे शिक्षा पिढीची होती. कुंपणाआड जन्मलेल्या मुलाने कुठलेच कृत्य केले नव्हते. दोषी मन असण्याइतके त्याचे मनही अजून घडले नव्हते. म्हणजे मघाशी आपण ट्रॉली, काठी आणि कुऱ्हाड यांच्या उदाहरणांत जे बारकावे पाहिले, त्या सगळ्यांना येथे सुटी. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. ८१ वर्षांचा हा कारभार होता. या कायद्यातून सुटल्या त्या विमुक्त जाती; महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज १४ जाती आहेत, आणि रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, कंजारभाट, राजपारधी ही त्यांतली नावे या तालुक्याला अनोळखी नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आक्षेप असा की त्या काळी काही टोळ्या खरोखरच दरोडे घालत होत्या, वाटमारी करत होत्या, सामान्य रयतेला रात्री झोप नव्हती, मग सरकारने काय हातावर हात ठेवून बसायचे होते? शिवाय वसाहतींत शाळा होती, काम होते, मिशनऱ्यांनी आणि समाजसेवकांनी तेथे मनापासून कष्ट केले, हेही खरे. त्याला माझे उत्तर दोन भागांत आहे. दरोडा पडत होता तर दरोड्याचे कलम होते. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या दंड संहितेत दरोडा, दरोड्याची तयारी, दरोडेखोरांच्या टोळीत असणे, एवढेच काय चोरांच्या टोळीत असणे हेसुद्धा स्वतंत्र गुन्हे होते. त्यांत पकडायला कृत्य सिद्ध करावे लागे, एवढीच अडचण. जमातीचा कायदा आला तो ही अडचण चुकवायला. आणि दुसरा भाग असा की वसाहतीतली शाळा चांगली होती, यावरून कुंपण योग्य होते असे ठरत नाही. जे शिक्षण गुन्हा न केलेल्या मुलाला गजाआड ठेवूनच देता येते, त्याच्या खर्चात मुलाचे स्वातंत्र्यही धरावे लागते. या कायद्याने गुन्हे कमी झाले की नाही हा हिशेबही सरळ नाही. कारण ज्या समाजाला गाव जमीन देत नाही, पाटील वस्तीला जागा देत नाही, रोजगार देणारा नाव ऐकून दार लावतो, त्या समाजाला प्रामाणिकपणे जगण्याचे रस्ते याच शिक्क्याने बंद केले. शिक्का आधी आणि चोरी नंतर, असाही क्रम येथे कितीदा घडला असेल याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावा.

कायदा गेला म्हणून सवय गेली असे होत नाही. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात रात्री एका शेतकरी कुटुंबावर अत्यंत क्रूर हल्ला झाला. दरोडा, बलात्कार आणि पाच जणांचे खून. महाराष्ट्र हादरला. या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उरलेल्या तिघांनाही फाशीच सुनावली. तीन पायऱ्यांवरच्या तीन न्यायालयांत दोष सिद्ध झाला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत, म्हणजे ७ जून २००३ रोजी, विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्या माणसांना ओळखले होते. त्यांचा तपास झाला नाही आणि ही गोष्ट खटल्यात दडून राहिली. या भटक्या, गरीब माणसांना प्रकरणात गोवले गेले, असे न्यायालयाने म्हटले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. १६ वर्षे ही माणसे तुरुंगात होती, आणि त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत. पण याहून मोठा हिशेब दुसरा आहे. ज्यांनी ते पाच खून केले त्यांच्यापर्यंत तपास पोहोचलाच नाही. ‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर फार लवकर मिळाले की ‘कुणी केले?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. पीडित कुटुंबाचे जेवढे नुकसान या सवयीने केले तेवढे कुठल्या बचावाच्या वकिलाने केले नसते.

हीच सवय जमावाच्या हाती गेली की काय होते, ते आपल्या जिल्ह्याने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागून पोट भरणारे होते, आणि त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. अनोळखी चेहरा, वेगळा पेहराव, वेगळी बोली, एवढा पुरावा जमावाला पुरला. ग्रामपंचायतीच्या खोलीत, म्हणजे गावच्या सरकारी छपराखालीच, त्यांना मारहाण झाली. तेथे कुणी विचारले असते की यांनी नेमके काय केले, कुणाचे मूल पळवले, ते मूल कुठे आहे, तर त्या प्रश्नालाच उत्तर नव्हते. पाठोपाठ १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध राज्यांना निर्देश दिले, आणि नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आली. कुणी म्हणेल, जमावातल्या शंभर जणांना शिक्षा करताना कायदा स्वतःच ‘कोण होता?’ एवढेच पाहतो की. प्रत्येकाने घाव घातला असे थोडेच असते! हा प्रश्न रास्त आहे. पण सामाईक उद्देशाचे किंवा बेकायदा जमावाचे कलम लावायचे तर न्यायालयाला प्रत्येक माणसाबद्दल हे सिद्ध करून घ्यावे लागते की तो त्या उद्देशात सामील होता. बघ्याला आणि खोलीचे दार अडवणाऱ्याला एकच कलम लागत नाही. दार अडवणे हेही कृत्यच आहे. जमावाने पाच जणांना जसे पेहरावावरून धरले, तसे कायद्याने जमावातल्या माणसाला त्याच्या गावावरून धरायचे नाही, हेच या कलमांचे मर्म आहे.

दुसरा मोठा आक्षेप पुराव्याबद्दल आहे. आरोप निःसंशय सिद्ध झाला पाहिजे, शंका आली तर फायदा आरोपीला, या तत्त्वावर चावडीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे रोष आहे. गुन्हेगार सुटतात, साक्षीदार फिरतात, पंच उलटतात, आणि कायदा गुन्हेगारांचीच पाठराखण करतो असे लोक म्हणतात. न्यायालयांना हा रोष माहीत नाही असे नाही. महाराष्ट्रातल्याच बोबडे खटल्याच्या १९७३ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शंकेच्या फायद्याचा अतिरेक करू नका, प्रत्येक बारीकसारीक शंकेवर आरोपी सोडत गेलात तर समाजाचा कायद्यावरचा विश्वास उडेल, असे बजावले होते. आणि त्याच निकालात दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली होती : आरोपीने गुन्हा केला असू शकतो आणि त्याने गुन्हा केलाच आहे, यांत लांबचे अंतर आहे. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या सारडा खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली गेली. त्यांचा गाभा असा की सगळे दुवे जुळून साखळी पूर्ण झाली पाहिजे आणि आरोपी निर्दोष असण्याची कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये. या दोन निकालांत विरोध नाही. शंका वाजवी हवी, कल्पनेतली नको. आणि साखळी पूर्ण हवी, अंदाजाची नको. गुन्हेगार सुटतात ते बहुधा तपास ढिला असतो म्हणून, प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा येतो म्हणून, साक्षीदाराला संरक्षण मिळत नाही म्हणून. त्या रोगावर आरोपीचा हक्क कापणे हे औषध नव्हे. भोकरदनच्या प्रकरणात तर तिन्ही न्यायालयांनी दोषी ठरवले होते. शिक्षा झाली, म्हणून न्याय झाला का?

हे तत्त्व फक्त आरोपीच्या बाजूने आहे, असाही एक गैरसमज आहे. त्यासाठी मथुरा खटला आठवावा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या मुद्द्यावर पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. या प्रकरणात चूक कुठे झाली? ठाण्यात त्या रात्री काय घडले, याऐवजी ती मुलगी कशी आहे, हा प्रश्न विचारला गेला. जमातीच्या कायद्यात आरोपीबाबत जी चूक होती, तीच येथे तक्रारदाराबाबत झाली. नंतर पीडितेच्या चारित्र्यावर हल्ला करू देणारी तरतूद पुरावा कायद्यातून काढली गेली आणि दोन बोटांची चाचणी न्यायालयाने चुकीची ठरवली. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले की संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आली, तीही याच अर्थाने समजून घ्यावी. ही तरतूद आरोपी कोण यावर बेतलेली नाही. कोठडीत काय काय शक्य होते आणि कुणाचा जोर कुणावर चालतो, यावर ती बेतलेली आहे. प्रश्न कृत्याकडे वळला की आरोपी आणि पीडित दोघांनाही त्याचा आधार मिळतो.

तिसरा आक्षेप कायद्याच्या आतूनच येतो. कायदा माणसाचे पूर्वकर्म अजिबात पाहत नाही असे कुठे आहे? चांगल्या वर्तणुकीच्या हमीची चॅप्टर केस होते, तडीपारी होते, स्थानबद्धतेचा एमपीडीए लागतो, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का लागतो. आधी शिक्षा भोगलेल्याला काही गुन्ह्यांत पुढच्या वेळी जास्त शिक्षा देता येते. तस्करीसारख्या काही गुन्ह्यांत मनाचा शोधही घेतला जात नाही. १९६२ मध्ये मुंबईच्या विमानतळावर ३४ किलो सोने अंगावर लपवून चाललेल्या परदेशी प्रवाशाने नवा नियम आपल्याला ठाऊक नव्हता, असे सांगितले. बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. हे सारे खरे आहे आणि त्यातले सगळेच चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. अपवाद असू शकतो. प्रश्न इतकाच की तो अपवाद कशावर उभा आहे. आधीच्या शिक्षेवरून शिक्षा वाढवली जाते, ती नवा गुन्हा सिद्ध झाल्यावर. म्हणजे पूर्वकर्म दोष ठरवत नाही, फार तर शिक्षेचे माप ठरवते. सोन्याच्या प्रकरणात निदान सोने अंगावर बाळगण्याचे कृत्य तरी वादातीत होते, आणि लवकरच दुसऱ्या एका खटल्यात धान्य व्यापाऱ्याला सोडताना न्यायालयाने कायद्यात स्पष्ट वगळले नसेल तर दोषी मन लागतेच, असे सांगितले. तडीपारी आणि एमपीडीए यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे अजून न घडलेल्या गुन्ह्यासाठी माणसाला दोन वर्षे घरापासून दूर किंवा वर्षभर तुरुंगात ठेवता येते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरू नका, असे बजावले. मोक्कामध्ये गेल्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रे हा आधार आहे, आणि आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे. वस्तीतल्या पोरावर पाच-सहा किरकोळ नोंदी होतात आणि त्या नोंदींचाच पुढे पुरावा होतो. हा फेरा कुठे तुटायचा? ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद रद्द केला, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले, आणि सराईत म्हणजे कोण, हे कायद्यातल्या व्याख्येनेच ठरेल, एखाद्या विमुक्त जमातीत जन्मल्याने नाही, असे स्पष्ट केले. १८७१ च्या कायद्याचे अवशेष १५३ वर्षांनंतर तुरुंगाच्या नियमपुस्तकांत सापडले, हेच माझ्या म्हणण्याचे शेवटचे प्रमाण.

आता हे तत्त्व अकलूजमध्ये कुणी सांभाळायचे? फक्त माळशिरसच्या न्यायाधीशांनी आणि पोलीस निरीक्षकांनी नाही. फौजदारी खटल्याचा मोठा भाग न्यायालयाच्या बाहेर, आपल्यासारख्यांच्या हातून घडतो. चोरी झाली की फिर्यादीत संशयित म्हणून कुणाचे नाव घालायचे, हे आपण ठरवतो. पंचनाम्यावर न वाचता सही करणारे पंच आपणच असतो, आणि तीच सही पुढे एखाद्याच्या घरातल्या जप्तीचा आधार होते. तंटामुक्ती समितीत बसणारे, पोलीस पाटलाला माहिती देणारे, शाळेत मुलाचे नाव दाखल करताना वस्तीचे नाव ऐकून भुवई उंचावणारे, बातमीच्या पहिल्याच ओळीत आरोपीची जमात छापणारे, हे सगळे ‘कोण?’ या प्रश्नाची वाट रुंद करतात. त्यांना मी तीनच कामे सांगेन. फिर्याद देताना जे पाहिले ते लिहा, जे वाटले ते लिहू नका. पंच म्हणून उभे राहाल तेव्हा वस्तू जेथून निघाली ती जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नका. आणि संशयावरून कुणाला उचलले असे कळले, तर त्याने नेमके काय केले, हे ठाण्यात जाऊन विचारा. हे विचारणे म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणे नव्हे. खऱ्या गुन्हेगाराला पळायला सर्वांत सोपा रस्ता असतो तो भलत्याच माणसाच्या अटकेचा. या तत्त्वाची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. कधी पुराव्याअभावी दोषी सुटेल आणि आपल्याला राग येईल. पण ती किंमत सगळ्यांमध्ये वाटली जाते. जन्मावरून न्याय करण्याची किंमत मात्र ठरावीक वस्त्यांनीच पिढ्यान् पिढ्या भरली, आणि त्या बदल्यात बाकीच्यांनाही सुरक्षितता मिळाली नाही. ज्याला आपल्या घरावर दरोडा पडू नये असे वाटते आणि ज्याला आपल्या मुलावर नाहक आळ येऊ नये असे वाटते, त्या दोघांचे हित या एकाच प्रश्नात आहे. तो प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर कलमांचे आकडे कितीही वेळा बदलले तरी हरकत नाही.